माईक हातात घेतला की हॉल जिंकायचा, पण आयझॅक असिमोव्हच्या नावाला डाग लागला तो स्टेजखाली

१९६३ साल. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन. सायन्स फिक्शनच्या चाहत्यांचं जागतिक अधिवेशन भरलेलं. साधारण ६०० लोक जमलेले. जेवणं उरकली होती आणि सगळे ज्याची वाट बघत होते तो कार्यक्रम सुरू होता. ह्यूगो पुरस्कारांचं वाटप.

स्टेजवर चष्मा लावलेला एक चाळिशीतला गडी माईक धरून उभा. एकेक पाकीट फोडायचा, विजेत्याचं नाव वाचायचा आणि मध्ये मध्ये एकच रडगाणं गायचा. इतकी वर्षं आपण लिहितोय, आल्यागेल्याला ह्यूगो मिळतो, आपल्याला मात्र कुणी विचारत नाही. प्रत्येक पाकिटासोबत त्याचा खोटा राग वाढत चालला होता आणि लोक पोट धरून हसत होते.

शेवटचं पाकीट उघडलं. तो वाचायला लागला आणि मध्येच थांबला.

आत त्याचंच नाव होतं.

आयोजकांनी ठरवून त्याचा गेम केला होता. 'फँटसी अँड सायन्स फिक्शन' या मासिकात तो दर महिन्याला विज्ञानावर लेख लिहायचा, त्यासाठी त्याला विशेष पुरस्कार दिला होता. दुसऱ्यांना हसवणारा सूत्रसंचालक त्या रात्री स्वतःच कात्रीत सापडला आणि हॉल डोक्यावर घेतला गेला.

हा गडी म्हणजे आयझॅक असिमोव्ह.

रोबॉटचे तीन नियम मांडणारा, 'फाउंडेशन' लिहिणारा, आयुष्यात जवळपास ५०० पुस्तकं लिहिलेला आणि संपादित केलेला लेखक म्हणून जग त्याला ओळखतं. पण चाहत्यांच्या मेळाव्यांत त्याची आणखी एक ओळख होती. कार्यक्रम रंगवायचा असेल तर असिमोव्हला बोलवा, असं समीकरणच झालं होतं. आज मुंबईत कॉमिक कॉन भरतं, तिथे पॅनलवर बसलेल्या पाहुण्यांना बोलतं करणारा आणि हॉल सांभाळणारा एक होस्ट असतो. या कामात नाव कसं होतं आणि कशानं खराब होतं, हे दोन्ही समजून घ्यायचं असेल तर असिमोव्हचं आयुष्य बघावं लागतं.

दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला पोरगा

असिमोव्हचा जन्म १९२० चा. रशियातल्या पेत्रोविची नावाच्या गावात, एका ज्यू कुटुंबात. तो ३ वर्षांचा असताना घरचे अमेरिकेला आले आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात राहू लागले. काही वर्षांनी वडिलांनी दुकान टाकलं. गोळ्या, चॉकलेट, सिगारेट, वर्तमानपत्रं आणि मासिकं. दुकान पहाटे ६ ला उघडायचं आणि रात्री १ वाजता बंद व्हायचं. शाळा सुटली की आयझॅकची ड्यूटी गल्ल्यावर.

वेळेवर पोचायचं, समोर गिऱ्हाईक असेल तर तोंड वाकडं करायचं नाही, ही सवय त्याला तिथे लागली.

दुकानात विज्ञानकथांची मासिकं लटकलेली असायची. वडिलांना ती थिल्लर वाटायची, पोरानं हात लावलेला चालायचा नाही. १९२९ मध्ये 'सायन्स वंडर स्टोरीज' नावाचं मासिक आलं आणि पोराला रस्ता सापडला. नावातच सायन्स आहे म्हणजे अभ्यासाचंच असणार, असं त्यानं वडिलांच्या गळी उतरवलं. फक्त एक अट होती. मासिक परत विकायचं असल्यानं ते चुरगळू द्यायचं नाही.

तिथून तो चाहता झाला. लेखक तो नंतर झाला, आधी तो फॅनच होता. पुढे हजारो चाहत्यांसमोर उभं राहताना हीच गोष्ट त्याच्या कामी आली. समोर बसलेला माणूस कशासाठी आलाय, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मित्र दाराबाहेर आणि तो आत

१९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या काही पोरांनी फ्युचुरियन्स नावाचा ग्रुप काढला. फ्रेडरिक पोल, डोनाल्ड वॉलहाइम, सिरिल कॉर्नब्लुथ अशी मंडळी त्यात होती. पुढे यातले बरेच जण मोठे लेखक आणि संपादक झाले. तेव्हा मात्र ती कडकी असलेली, डाव्या विचारांची, भांडखोर पोरं होती. असिमोव्ह त्यांच्यातलाच एक.

जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्कला सायन्स फिक्शनचं पहिलं जागतिक अधिवेशन भरलं. साधारण २०० लोक आले. आयोजक होते फ्युचुरियन्सचे विरोधक. ही पोरं आत येऊन राडा करतील, पत्रकं वाटतील अशी त्यांना भीती होती. म्हणून पोल, वॉलहाइम, कॉर्नब्लुथ यांच्यासह ६ जणांना दारातच अडवण्यात आलं.

असिमोव्हला मात्र कुणी अडवलं नाही. त्याच्या कथा छापून यायला नुकतीच सुरुवात झाली होती, त्यामुळे तो लेखक म्हणून सरळ आत गेला. १९ वर्षांच्या या पोराला स्टेजवर बोलावलं गेलं, लोकांशी ओळख करून दिली गेली. दोन शब्द बोलताना त्यानं स्वतःचीच टर उडवली आणि लोक हसले.

मित्र बाहेर आणि आपण आत, ही बोच त्याला पुढे कायम राहिली. त्यांच्यासोबत आपणही बाहेर थांबायला हवं होतं, असं त्याला वाटत राहिलं. आपल्या आठवणींत त्यानं हा प्रसंग लपवला नाही.

हॉलमध्ये कोण आहे हे सगळ्यांना दिसतं. कोण बाहेर राहिलंय, हे बघायला वेगळी नजर लागते. १९३९ मध्ये असिमोव्हकडे ती नजर होती. पुढचं वाचताना हे लक्षात ठेवायला हवं.

कागद न बघता बोलणारा प्राध्यापक

१९४८ मध्ये असिमोव्हनं कोलंबिया विद्यापीठातून रसायनशास्त्रात पीएचडी केली आणि १९४९ मध्ये बोस्टन विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवायला लागला. संशोधनात त्याचं मन फारसं रमलं नाही, शिकवण्यात मात्र रमलं. वर्गासमोर उभं राहून अवघड गोष्ट सोपी करून सांगायची, मध्येच हसवायचं आणि परत मुद्द्यावर यायचं, हे आपल्याला जमतं असं त्याच्या लक्षात आलं.

त्याची पद्धत ठरलेली होती. भाषण लिहून काढायचं नाही, पाठ करायचं नाही, हातात कागद धरायचा नाही. नजर कायम समोरच्या लोकांवर. लोक हसले की गाडी पुढे न्यायची, चुळबूळ सुरू झाली की विषय बदलायचा.

ऐकायला हे सोपं वाटतं, पण त्यामागे तयारी होती. रोज तासन्‌तास वाचणं आणि लिहिणं सुरू असल्यानं डोक्यात माल भरलेला असायचा. विनोदाचाही त्यानं तेवढाच अभ्यास केला होता. १९७१ मध्ये त्यानं विनोदांचा एक जाडजूड संग्रह काढला. त्यात नुसते विनोद नव्हते, तर कोणता विनोद कसा सांगायचा आणि तो का चालतो यावर टिपा होत्या.

१९५८ च्या सुमारास संशोधन की लेखन यावरून कॉलेजशी त्याचं वाजलं. पगार बंद झाला, पण प्राध्यापक ही पदवी त्यानं सोडली नाही. तिथून तो पूर्णवेळ लेखक आणि वक्ता झाला.

विमानात न बसणारा पाहुणा

१९५५ मध्ये क्लीव्हलंडच्या जागतिक अधिवेशनात असिमोव्ह प्रमुख पाहुणा होता. उपस्थिती ४०० च्या आत. म्हणजे एखाद्या मोठ्या लग्नापेक्षाही कमी गर्दी. पण हीच माणसं मासिकं विकत घ्यायची, पत्रं लिहायची, कोण कसा बोलला हे गावभर करायची. एखाद्या लेखकाचं नाव होणं किंवा जाणं त्यांच्या हातात होतं.

असिमोव्हची एक अडचण होती. अंतराळातल्या साम्राज्यांच्या गोष्टी लिहिणाऱ्या या माणसाला विमानाची भीती वाटायची. तो आयुष्यात फक्त दोनदा विमानात बसला, दोन्ही वेळा १९४० च्या दशकात. त्यानंतर रेल्वे, गाडी नाहीतर जहाज. त्यामुळे तो शक्यतो अमेरिकेच्या पूर्व भागातल्या अधिवेशनांनाच जायचा. जिथे जायचा तिथे मात्र पूर्ण वेळ द्यायचा. सह्या द्यायचा, कट्ट्यावर बसायचा, नवख्या पोरांशी बोलायचा.

पण एक वाईट मिनिट किती महागात पडू शकतं, याचाही अनुभव त्याला आला. १९५६ मध्ये न्यूयॉर्कच्या अधिवेशनात तो सह्या देत बसला होता. त्याच वेळी मुतखड्याची कळ उठली होती. रांगेतून एक तरुण मानसोपचारतज्ज्ञ पुढे आली, जॅनेट जेप्सन. असिमोव्ह तिच्याशी तुसडेपणानं बोलला. त्याच्या पोटात काय चाललंय हे तिला कुठून कळणार? लेखक चांगला आहे, पण माणूस उद्धट आहे, असं मत घेऊन ती निघून गेली.

१९५९ मध्ये रहस्यकथा लेखकांच्या एका जेवणाला दोघं परत भेटले. या वेळी त्याची तब्येत ठणठणीत होती आणि गप्पा रंगल्या. पुढे १९७३ मध्ये दोघांनी लग्न केलं.

असिमोव्हला दुसरी संधी मिळाली. रांगेतल्या प्रत्येक माणसाला आपलं मत बदलायची संधी मिळतेच असं नाही.

स्वतःवर हसणं हेच भांडवल

ह्यूगो पुरस्कार १९५३ पासून दिले जातात. १९६२ मध्ये ह्यूगो मिळालेल्या कथांचा पहिला संग्रह निघाला आणि संपादक होता असिमोव्ह, ज्याला तोवर एकही ह्यूगो मिळाला नव्हता. प्रत्येक कथेच्या आधी त्यानं लेखकाची ओळख करून दिली. लेखकाचं कौतुक, एखादा किस्सा आणि शेवटी स्वतःला पुरस्कार न मिळाल्याचं लटकं दुःख. वाचणाऱ्याला कथेआधीच तो लेखक ओळखीचा वाटायला लागायचा.

चांगला होस्ट नेमकं हेच करतो. पाहुण्याला मोठं करतो आणि हसू स्वतःवर ओढवून घेतो.

१९६३ च्या वॉशिंग्टनमध्ये हाच विनोद आयोजकांनी त्याच्यावर उलटवला. ३ वर्षांनी, १९६६ मध्ये, क्लीव्हलंडच्या अधिवेशनात तो परत सूत्रसंचालक होता. त्या वर्षी सर्वकालीन सर्वोत्तम मालिकेसाठी एक खास ह्यूगो ठेवला होता. स्पर्धेत टॉलकिनचं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज', हाइनलाइनची मालिका आणि असिमोव्हचं 'फाउंडेशन' होतं. हा पुरस्कार टॉलकिनलाच मिळणार, याची असिमोव्हला खात्री होती. हार्लन एलिसन या तिखट जिभेच्या लेखकानं निकाल जाहीर केला, 'फाउंडेशन'. एलिसन नेहमीसारखी मस्करी करतोय असंच असिमोव्हला वाटलं. खरं आहे हे कळल्यावर एरवी कधी शब्द न अडणाऱ्या माणसाचे शब्द अडले.

एलिसन आणि असिमोव्ह चारचौघांत एकमेकांची यथेच्छ उणीदुणी काढायचे. आर्थर सी. क्लार्कसोबतही हाच खेळ. न्यूयॉर्कमध्ये टॅक्सीतून जाताना क्लार्क आणि असिमोव्हनं एक गमतीशीर तह केला होता. असिमोव्हनं सांगायचं की जगातला सर्वोत्तम विज्ञानकथाकार क्लार्क आहे आणि क्लार्कनं सांगायचं की सर्वोत्तम विज्ञानलेखक असिमोव्ह आहे. दुसरा नंबर ज्यानं त्यानं स्वतःकडे ठेवायचा. अशी थट्टा चालायची कारण ती बरोबरीच्या माणसांत होती आणि दोघांनाही ती मान्य होती.

चूक काढली आणि दोस्ती झाली

१९६६ च्या त्याच अधिवेशनात जीन रॉडनबेरी नावाचा निर्माता आपल्या नव्या मालिकेची झलक घेऊन आला होता. मालिकेचं नाव 'स्टार ट्रेक'. काही आठवड्यांनी असिमोव्हनं 'टीव्ही गाइड'मध्ये लेख लिहून टीव्हीवरच्या सायन्स फिक्शनमधल्या वैज्ञानिक चुका दाखवल्या. त्यात 'स्टार ट्रेक'चीही चूक होती. रॉडनबेरीनं त्याला पत्र लिहून आपल्या अडचणी सांगितल्या. असिमोव्हनं ते मनावर घेतलं, उत्तर दिलं आणि दोघांची मैत्री जमली. १९७९ च्या 'स्टार ट्रेक' सिनेमाच्या श्रेयनामावलीत विज्ञान सल्लागार म्हणून असिमोव्हचं नाव आहे.

जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कला 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांचं पहिलं मोठं अधिवेशन झालं. मालिका बंद होऊन अडीच वर्षं झालेली, त्यामुळे आयोजकांना काहीशे लोकांची अपेक्षा होती. आले ३००० च्या वर. पाहुण्यांत रॉडनबेरीसोबत असिमोव्हही होता. आजच्या कॉमिक कॉनमध्ये दिसणारी गर्दी कशी असते, याची ती सुरुवातीची झलक होती.

१९७७ मध्ये तर त्याच्या नावानंच मासिक निघालं आणि मुखपृष्ठावर त्याचा चेहरा छापला गेला. पहिला संपादक होता जॉर्ज सिथर्स. १९६३ मध्ये ज्या अधिवेशनात असिमोव्हचा गेम झाला, त्याचा अध्यक्ष हाच होता. चाहत्यांच्या पत्रांना उत्तर देणं असिमोव्हनं शेवटपर्यंत सोडलं नाही. त्यानं आयुष्यात सुमारे ९०,००० पत्रं आणि पोस्टकार्डं लिहिली असावीत, असा अंदाज त्याच्या भावानं मांडला होता.

हॉलमधल्या बायका काय सांगत होत्या?

इथपर्यंतची गोष्ट झकास आहे. पण ती अर्धीच आहे.

याच अधिवेशनांत असिमोव्हची आणखी एक ख्याती होती. तो बायकांना नको तिथे हात लावायचा, चिमटे काढायचा. चोरून नाही, सगळ्यांसमोर, गंमत म्हणून. लेखिका ज्युडिथ मेरिलनं आपल्या आठवणींत तरुण असिमोव्हच्या या सवयीबद्दल लिहून ठेवलंय. त्याच्या प्रकाशन संस्थेत तो येणार असला की तिथल्या काही बायका काहीतरी कारण काढून ऑफिसबाहेर जायच्या, हेही नंतर समोर आलं.

तेव्हा आजूबाजूच्या लोकांनी काय केलं? हसले. १९६२ च्या शिकागो अधिवेशनासाठी तर आयोजकांनी त्याला याच चिमटे काढण्याच्या विषयावर विनोदी भाषण देण्याचं निमंत्रण पत्रानं पाठवलं होतं. ते भाषण झालं नाही, पण असं निमंत्रण जावं यातच सगळं आलं. १९७१ मध्ये त्यानं स्वतःच चावट म्हाताऱ्याच्या भूमिकेतून बायकांकडे बघायचं कसं यावर एक विनोदी पुस्तक लिहिलं. स्टेजवरचा अहंकार जसा त्यानं विनोद करून खपवला, तसंच हेही खपवलं.

फरक एवढाच होता, की क्लार्क आणि एलिसन त्याला तेवढ्याच ताकदीनं उत्तर देऊ शकत होते. पहिल्यांदाच अधिवेशनाला आलेली, वीस वर्षांची एखादी मुलगी काय उत्तर देणार? समोर सगळ्यांचा लाडका माणूस आणि सगळा हॉल त्याच्या बाजूनं हसणारा. अशा मुली मग त्याच्यापासून लांब राहायच्या किंवा परत यायच्याच नाहीत.

१९३९ मध्ये मित्रांना दारावर अडवलं गेलं, याची बोच असिमोव्हनं जन्मभर बाळगली. पण आपल्या वागण्यामुळे किती जणींसाठी तेच दार बंद झालं, हे त्याला दिसलं नाही. बायकांच्या समान हक्कांच्या बाजूनं तो जाहीरपणे लिहायचा, बोलायचा. तरीही दिसलं नाही. लोकप्रिय होस्टला हाच धोका असतो. हसणाऱ्यांचा आवाज त्याच्यापर्यंत पोचतो, उठून गेलेल्यांचा पोचत नाही.

हे सगळं ठळकपणे चर्चेत यायला बरीच वर्षं गेली. अॅलेक नेव्हाला-ली या लेखकानं २०१८ मध्ये त्या काळातल्या लेखकांवर पुस्तक लिहिलं आणि २०२० मध्ये, असिमोव्हच्या जन्मशताब्दीच्या वेळी, याच विषयावर सविस्तर लेख लिहिला. तेव्हा अनेक चाहत्यांना आपल्या आवडत्या लेखकाकडे नव्यानं बघावं लागलं. आज मोठ्या अधिवेशनांना आचारसंहिता लेखी असते, तक्रार कुणाकडे करायची हे जाहीर केलेलं असतं आणि पाहुणा कितीही मोठा असला तरी त्यालाही तेच नियम लागू होतात. असे नियम उगाच आलेले नाहीत.

नावावर चालणारं पॅनल

डिसेंबर १९८३ मध्ये असिमोव्हची बायपास सर्जरी झाली. त्या वेळी दिलेल्या रक्तातून त्याला एचआयव्हीची लागण झाली. ६ एप्रिल १९९२ रोजी न्यूयॉर्कमध्ये तो गेला. मृत्यूचं खरं कारण तेव्हा सांगितलं गेलं नाही. १० वर्षांनी, २००२ मध्ये, जॅनेटनं ते उघड केलं.

न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीमध्ये आज त्याच्या नावानं एक कार्यक्रम होतो, आयझॅक असिमोव्ह मेमोरियल डिबेट. शास्त्रज्ञ एका टेबलाभोवती बसतात, विज्ञानातल्या एखाद्या अवघड प्रश्नावर वाद घालतात आणि नील डीग्रास टायसन त्यांना बोलतं करतो. म्हणजे पॅनल रंगवण्यासाठी ओळखला जाणारा माणूस गेल्यावर त्याची आठवण एका पॅनलनंच जपली.

असिमोव्हनं स्टेजवर जे केलं ते आजही शिकण्यासारखं आहे. वेळेवर या, तयारी करा, कागदात डोकं घालू नका, पाहुण्याला मोठं करा, हसायचं तर स्वतःवर हसा, पत्राला उत्तर द्या. हे सगळं त्याला जमलं म्हणून तो ५० वर्षं हॉल जिंकत राहिला.

पण माईक खाली ठेवल्यावर तो ज्यांच्याशी जसा वागला, तेही लोकांनी लक्षात ठेवलं. तेव्हा गप्प बसलेल्यांची बाजूही शेवटी लिहिली गेली. आता असिमोव्हचं नाव निघालं की दोन्ही गोष्टी सोबत सांगितल्या जातात.